पहिले पान कुणाचे?

गेल्या वर्षीच्या जयंती महोत्सवात सभागृहाच्या प्रवेशद्वाराशी आपल्या तरुण मंडळींनी एक प्रदर्शन मांडले होते. 'माझ्या जन्मदिनी जग' असे त्याचे शीर्षक होते. सभासदांकडून जन्मतारखा मागवून त्या त्या दिवसाच्या अमेरिकी वृत्तपत्राचे पहिले पान ग्रंथालयाच्या संग्रहातून मिळवायचे, ते मोठे करून छापायचे आणि खाली सभासदाचे नाव लिहून टांगायचे, अशी ती कल्पना होती. पाहणाऱ्यांची गर्दी झाली, छायाचित्रे निघाली. मंडळींनी घेतलेल्या श्रमांबद्दल मला आदर आहे, हे आरंभीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते त्यांना रुचणारे नाही. कार्यकारिणीच्या बैठकीत मी चार वाक्ये बोललो, तेव्हा 'तुम्ही प्रत्येक गोष्टीत जात शोधता' असे एका सुविद्य सभासदांनी मला ऐकविले. बैठकीत वेळ नव्हता. स्मरणिकेत आहे.

माझ्या नावाच्या वरचे पान १ जुलै १९५६ चे होते. आदल्या दिवशी ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमानांची टक्कर होऊन १२८ माणसे मरण पावली होती आणि ते पान त्या दोन विमानांनी भरलेले होते. मी बराच वेळ त्यापुढे उभा राहिलो. माझी नात शेजारी होती. तिने विचारले, "आजोबा, तुम्ही जन्मलात तेव्हा तुमच्या घरी हे कळलं होतं का?" प्रश्न निरागस होता. त्याचे खरे उत्तर असे, की १ जुलै १९५६ रोजी मी जन्मलोच नव्हतो.

विदर्भातल्या खेड्यातून आलेल्या वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या संस्थेची वाढदिवसांची यादी एकदा डोळ्यांखालून घाला. साठी ओलांडलेल्यांपैकी नागपूर-वर्ध्याकडचे कितीतरी जण एक जुलैला जन्मलेले आणि पश्चिम महाराष्ट्र-मराठवाड्याकडचे एक जूनला. मृग नक्षत्रावर पेरणी व्हावी तशी ही माणसे एकाच दिवशी उगवली, असे कुणी परका समजेल. खरी गोष्ट एवढीच, की शाळेचे वर्ष जेव्हा सुरू होई, तेव्हा दारात आलेल्या पोराकडे पाहून गुरुजी वयाचा अंदाज बांधीत आणि सहा वर्षे मागे जाऊन तारीख लिहून टाकीत. मला १९६२ साली शाळेत घातले. गुरुजींनी सहा वजा केले. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी पाच महिने वाढवून दिले नसते तर माझे एक वर्ष गेले असते. इकडे निवृत्तिवेतनही मला त्यांच्याच कृपेने पाच महिने आधी सुरू झाले.

हे केवळ आपल्याच वाट्याला आले असेही मी म्हणत नाही. खेड्यातल्या कुणब्याच्या, तेल्याच्या, धनगराच्या पोरालाही गुरुजींनी तीच तारीख दिली. जन्म-मृत्यूची नोंद बंधनकारक करणारा केंद्रीय कायदाच मुळी १९६९ चा. परंतु त्या काळीही गावात दोन-चार घरे अशी होती, की जेथे मूल जन्मताच घटिका-पळे मोजली जात आणि पत्रिका मांडली जाई. ती मांडणाऱ्याचे पंचांग महारवाड्याची वाट चढत नव्हते. पत्रिका नसल्याचे मला दुःख नाही. असती तर बावीस प्रतिज्ञांनंतर ती जाळावी लागली असती. सांगायचे आहे ते एवढेच, की 'तुझ्या जन्मदिवशी जगात काय घडले?' हा प्रश्न विचारणारा एक गोष्ट गृहीत धरून चालतो. ती म्हणजे, जन्मदिवस नावाची वस्तू प्रत्येकाजवळ असतेच.

या देशाला हे ठाऊक आहे. फ्रेडरिक डग्लस गुलामीत जन्मले. आपली जन्मतारीख त्यांना कधीच कळली नाही. पुढे त्यांनी १४ फेब्रुवारी हा दिवस आपणच निवडून घेतला. आणि ज्याला जन्मदिवस नव्हता त्या माणसाने १८४७ साली रॉचेस्टर येथून स्वतःचे वृत्तपत्र काढले. आपले तरुण येथल्या विद्यापीठांत शिकतात, त्यांना डग्लस माहीत आहेत. मग पान टांगताना ते का आठवले नाहीत?

आता माझ्या खऱ्या जन्माविषयी.

माझी माय लिहायला शिकली नव्हती. तिची तारीख मोजण्याची रीत वेगळी होती. ती म्हणे, "दीक्षेले गेलो तवा तू पोटात होता. सातवा सरला होता." वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून ती आणि आणखी वीस-पंचवीस माणसे काही बैलगाडीने, बरीचशी पायी, अशी नागपूरला गेली. १४ ऑक्टोबर १९५६. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी होते आणि पुढच्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला आमचा प्रदेश द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. म्हणजे मी एका राज्यात पोटात होतो आणि दुसऱ्या राज्यात जन्मलो. मायला राज्याचे काही देणेघेणे नव्हते. लाखोंच्या त्या पांढऱ्या वस्त्रांच्या समुदायात ती कोठे उभी होती, पाणी कुणी दिले, परत येताना कोणत्या गावाने विहिरीवर येऊ दिले आणि कोणत्या गावाने नाही, हे तिला शेवटपर्यंत पाठ होते.

मी जन्मलो आणि पाचवा दिवस आला. पाचवीला सटवाई पुजायची आणि रात्री तिने बाळाच्या कपाळावर त्याचे भाग्य लिहायचे, ही गावाची रीत. आमच्या घरात दीक्षेनंतरचे हे पहिलेच बाळंतपण. पूजा करायची की नाही, यावर आजी आणि माय यांच्यात सकाळपासून वाद चालला होता. दिवस मावळता मावळता वर्ध्याहून आलेल्या एका माणसाने बातमी आणली, की दिल्लीत बाबासाहेब गेले. वाद तेथेच थांबला. त्या रात्री घरात चूल पेटली नाही, आणि सटवाईचा विषय कुणाच्या तोंडून पुन्हा निघाला नाही. माझे कपाळ कोरे राहिले, असे माय पुढे हसून सांगे.

परमपूज्य डॉ. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ चे. त्यावरून मागे मोजले की माझा जन्म २ डिसेंबरचा ठरतो. ही तारीख आईच्या स्मृतीवर अवलंबून होती आणि स्मृतीला आपण पुरावा मानीत नाही. परंतु काही वर्षांपूर्वी पुतण्याच्या जात पडताळणीसाठी पणजोबांची नोंद शोधायला माझा धाकटा भाऊ तहसीलच्या अभिलेखागारात गेला. तेथे कोतवाल बुके होती. नव्या पिढीसाठी सांगतो. जुन्या मध्य प्रांतात व वऱ्हाडात गावचा कोतवाल गावातले जन्म-मृत्यू पोलीस ठाण्यावर नेऊन कळवीत असे आणि ते या बुकात लिहिले जात. हे काम बहुधा महाराकडे असे. आमच्या गावात ते माझ्या आजोबांकडे होते. त्यांना अक्षर येत नव्हते. फडक्यात गुंडाळलेले बुक काखेत मारून ते ठाण्यावर जात, ओट्याखाली उभे राहून सांगत, आणि वर बसलेला लिहिणारा लिहून घेई. गावात पाटलाच्या घरी झालेला मुलगा असो की ब्राह्मणाच्या घरचा मृत्यू असो, सरकारच्या कागदावर तो माझ्या आजोबांच्या पायांनी चालत गेला.

भावाने कुतूहलाने १९५६ ची पाने उलटली. नोंद सापडली. तारीख २ डिसेंबर. वडिलांचे नाव. मुलगा. आणि जातीच्या रकान्यात 'महार'. दीक्षाभूमीवरून परतल्याला तेव्हा सात आठवडे झाले होते. आजोबांनी स्वतः दीक्षा घेतली होती. ठाण्याच्या ओट्याखाली उभे राहून त्यांनी 'बौद्ध' म्हटले आणि वरच्याने नेहमीचाच शब्द लिहिला, की सवयीने त्यांच्याच तोंडून जुना शब्द निघाला, हे आता कुणाला विचारणार? अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती बौद्धांना मिळण्यासाठी १९९० साल उजाडावे लागले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या एका रकान्याचे वजन कळते.

तर माझा जन्मदिवस २ डिसेंबर. त्या दिवशीचे जगही मी पाहून ठेवले आहे. फिडेल कॅस्ट्रो आणि त्यांचे ऐंशीएक साथीदार 'ग्रानमा' नावाच्या बोटीतून क्यूबाच्या किनाऱ्यावर उतरले. अलाबामातील माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांचा बस-बहिष्कार बारा महिने पुरे होत आले तरी चालूच होता. १३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय त्यांच्या बाजूने लागला होता, परंतु आदेश पोहोचेपर्यंत, म्हणजे २० डिसेंबरपर्यंत, ती माणसे पायीच चालत होती. ऑक्टोबरात माझी माय पोटातल्या मला घेऊन नागपूरला चालत गेली, तेव्हाही ती चालतच होती. हे मला कोणत्याही एका पहिल्या पानाने सांगितले नाही. दोन पाने शेजारी ठेवल्यावर ते मला दिसले.

माझा आक्षेप नेमका येथे आहे. आक्षेप वृत्तपत्रावर नाही. अमेरिकेतल्या संपादकाने अमेरिकेतली विमाने छापली, त्यात त्याचा अपराध तो काय? आक्षेप आपल्यावर आहे. ज्या सभागृहात बाबासाहेबांची प्रतिमा आहे, त्या सभागृहात आपण साठ-सत्तर पाने टांगली आणि त्यांतले एकही आपले नव्हते. आपल्या मुलांना आपण असे शिकविले, की तुझ्या जन्मदिवशीचे जग हेच होते.

एक उदाहरण पुरे. आपल्यापैकी एका सहकाऱ्याची जन्मतारीख २५ डिसेंबर १९६८ आहे. त्याच्या वरच्या पानावर 'अपोलो ८' मधून चंद्राभोवती फिरणारे तीन अंतराळवीर होते. माणूस प्रथमच चंद्राला प्रदक्षिणा घालीत होता. सर्वांत जास्त छायाचित्रे त्याच पानापुढे काढली गेली. बोरमन, लोवेल आणि अँडर्स दहा प्रदक्षिणा पुऱ्या करून पृथ्वीकडे परत निघाले, त्याच तारखेच्या रात्री तामिळनाडूतल्या तंजावर जिल्ह्यात किळवेण्मणी या गावी मजुरीची वाढ मागणाऱ्या दलित शेतमजुरांच्या वस्तीवर जमीनदारांचे लोक चालून गेले. जिवाच्या भीतीने एका झोपडीत शिरलेली माणसे बाहेरून आग लावून जाळण्यात आली. ४४ जण. बहुतेक बायका आणि मुले. उच्च न्यायालयात जमीनदार निर्दोष सुटले. आणि हीच तारीख १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळल्याची आहे, हे त्या पानाखाली उभ्या असलेल्या किती जणांना आठवले? मला आठवले नव्हते. घरी परतताना गाडीत आठवले आणि लाज वाटली. चांद्रप्रदक्षिणेचे पान उतरवा, असे मी म्हणत नाही. ती मानवाची मोठी झेप होती आणि विज्ञान मानणाऱ्या धम्माच्या अनुयायाला तिचा आनंदच व्हावा. त्या पानाच्या शेजारी किळवेण्मणी का नव्हते, एवढेच विचारतो.

यावर सुविद्य सभासद म्हणतील, की मुले येथे जन्मली, त्यांना या करुण कहाण्या कशाला? आपल्या एका सभासदांची मुलगी २९ सप्टेंबर २००६ रोजी जन्मली. तिच्या पानावर काय होते ते मला आठवत नाही. त्या दिवशी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे या बौद्ध कुटुंबातल्या सुरेखा, प्रियांका, सुधीर आणि रोशन यांची हत्या झाली. मुंबई-दिल्लीच्या मोठ्या वृत्तपत्रांना त्याचे गांभीर्य कळायला महिनाभर लागला, आणि तेही माणसे रस्त्यावर उतरल्यावर. या मुलीला हे आई-बापांनी सांगितलेले नाही. तिला ते तिच्या विद्यापीठातल्या एका अमेरिकी प्राध्यापकाच्या वर्गात कळले. घरी येऊन तिने विचारले, "माझा वाढदिवस तुम्ही दरवर्षी साजरा केलात, मग हे मला परक्याकडून का कळावं?" ही कहाणी नव्हे, हा आपल्या घरातला प्रसंग आहे, आणि त्याला उत्तर देणे आपल्याला भाग आहे. येथला कृष्णवर्णीय समाज आपल्या मुलांपासून एमेट टिल लपवीत नाही. १९५५ साली मिसिसिपीत त्या चौदा वर्षांच्या मुलाचा खून झाला, तेव्हा त्याच्या मातेने शवपेटी उघडी ठेवायला लावली. ते छायाचित्र 'जेट' साप्ताहिकाने आणि कृष्णवर्णीयांच्या इतर पत्रांनी छापले. इतरांनी पाठ फिरविली म्हणून ती गोष्ट मेली नाही, कारण त्यांची स्वतःची पत्रे होती.

आपली नव्हती काय? १ जुलै १९०८ रोजी शिवराम जानबा कांबळे यांनी पुण्यात 'सोमवंशीय मित्र' सुरू केले. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला होता. महाडचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा, आणि दोन आठवड्यांत, ३ एप्रिलला, 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक हजर. आपल्या लढ्याचे वृत्त दुसऱ्याने कसे छापले याची वाट पाहत बसणे बाबासाहेबांना मंजूर नव्हते. न्यू यॉर्कमध्ये 'फ्रीडम्स जर्नल' हे कृष्णवर्णीयांचे पहिले वृत्तपत्र १६ मार्च १८२७ रोजी निघाले होते. आमची बाजू आम्हीच मांडू, हाच त्याचाही बाणा होता. शंभर वर्षे आणि चार दिवसांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत आले. हा योगायोगच आहे, त्यातून मी काही सिद्ध करू पाहत नाही. परंतु प्रदर्शनात एखादा योगायोग टांगायचाच होता, तर हा का नको?

पुढे २४ नोव्हेंबर १९३० ला 'जनता' आले आणि ४ फेब्रुवारी १९५६ रोजी त्याचेच नाव 'प्रबुद्ध भारत' झाले. माझ्या जन्माच्या वेळी ते चालू होते. त्या आठवड्याचे त्याचे पान मिळविण्यासाठी मी अनेकांना पत्रे लिहिली. अजून हाती आलेले नाही. न्यू यॉर्कच्या कोणत्याही दिवसाचे पान मात्र आपल्या तरुणांना घरबसल्या मिळते. जे जपले गेले तेच सहज सापडते, आणि जे सहज सापडते तेच इतिहास म्हणून भिंतीवर चढते. 'बहिष्कृत भारत' आणि 'मूकनायक' यांचे अंक महाराष्ट्र शासनाने १९९० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. संस्थेच्या कपाटात तो ग्रंथ आहे. गेल्या पाच वर्षांत तो कुणी घरी नेल्याची नोंद नाही. मी वही पाहिली आहे. त्या वहीत माझेही नाव नाही, हे कबूल करतो.

कागदावरचे हे पुष्कळ झाले. आपल्यातली दुसरी वृत्तपत्रे रोज कमी होत आहेत, त्यांचे काय? १४ ऑक्टोबर १९५६ डोळ्यांनी पाहिलेली, ते आठवण्याइतकी तेव्हा जाणती असलेली माणसे आज ऐंशीच्या पुढे आहेत. आपल्या सभासदांच्या घरी, येथे आणि गावाकडे मिळून, अशी सतरा माणसे असल्याचे मी दूरध्वनी करून मोजले. महोत्सवानंतर त्यांतली दोन गेली. माझी माय त्याही आधी गेली. तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर वयाच्या जागी 'अंदाजे ८०' असे आहे. तिचा जन्म कोतवाल बुकात भावाला सापडला नाही. ती दुसऱ्या गावची. तिच्या जन्मदिवशी जगात काय घडले, हे मी कोणत्या ग्रंथालयात शोधू?

म्हणून येत्या महोत्सवासाठी माझी मागणी लेखी देतो. कार्यकारिणीने ती इतिवृत्तात घ्यावी. प्रदर्शन पुन्हा मांडा, अवश्य मांडा. परंतु प्रत्येक पानाशेजारी दुसरे पान असल्याशिवाय पहिले टांगू नका. ते दुसरे पान आपल्या पत्रांतले असेल, किंवा आईने, आजीने, मावशीने सांगितलेले आणि आपण उतरवून घेतलेले असेल. ज्यांची तारीख गुरुजींची आहे, त्यांनी ती तशीच लिहून खाली खरी हकीकत लिहावी: पोळ्याच्या आदल्या दिवशी, दुष्काळाच्या साली, गाव सोडले त्या रात्री, काय असेल ते. राहिलेल्या पंधरा जणांकडे ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन जाण्याचे काम तरुणांनी आपसांत वाटून घ्यावे. ज्यांनी साठ-सत्तर पाने शोधली त्यांना पंधरा घरे जड नाहीत.

माझे पान मी तयार करून ठेवले आहे. डावीकडे ती दोन विमाने आहेत, कारण सरकारदरबारी मी त्याच दिवशीचा. उजवीकडे कोतवाल बुकातल्या नोंदीची प्रत, आणि तिच्याखाली मायचे शब्द नातीच्या हस्ताक्षरात. तिचे मराठी वळण कच्चे आहे. 'दीक्षेले' हे तिने 'दीक्षेला' केले होते, ते मी पुन्हा 'दीक्षेले' करायला लावले. राहता राहिला नोंदीतला तो जातीचा रकाना. मुलगा म्हणतो, छापताना तो झाकून टाकू. नात म्हणते, तसाच राहू द्या आणि शेजारी 'बौद्ध' लिहा. पत्नीचे म्हणणे तिसरेच आहे. आमच्या घरात यावर अजून एकमत झालेले नाही.